व्यंग असलेलं पिल्लू जन्मलं तर काय करायचं

कुत्रीच्या वेतात एखादं पिल्लू व्यंग घेऊन येणं तितकंसं दुर्मीळ नाही. पण ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुत्री व्यायली आहे, किंवा ज्यांच्या सोसायटीच्या जिन्याखाली एखाद्या कुत्रीने पिल्लं घातली आहेत, त्यांना असं पिल्लू पाहिल्यावर काही सुचत नाही. मग फोनाफोनी होते. एक जण सांगतो, 'इंजेक्शन देऊन टाका'. दुसरा म्हणतो, 'देवाने पाठवलंय, तोच बघेल'. तिसरा, बहुधा वयाने सगळ्यांत मोठा, म्हणतो, 'निसर्गावर सोडा, जगायचं असेल तर जगेल'. हा तिसरा सल्ला कानाला फार शहाणा लागतो, आणि पिल्लासाठी तोच सगळ्यांत वाईट ठरतो. ज्याला दूध पिता येत नाही ते पिल्लू निसर्गावर सोडलं, की भूक आणि थंडी यांनी हळूहळू झिजून जातं. शेजारी आई असते, दूध असतं, आणि तरीही.

असं पिल्लू समोर आलं की घड्याळ बघून चालायचं. काही व्यंगांना हातात तास असतात, काहींना आठवडे मिळतात, आणि बऱ्याच व्यंगांबाबत काही ठरवायचंच नसतं. कोणतं कशात मोडतं ते कळलं की निम्मा गोंधळ जातो.

आधी ऊब

तपासणी, फोन, फोटो हे सगळं नंतर. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याच्या शरीराचं तापमान तेव्हा साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे मोठ्या कुत्र्यापेक्षा कमीच. आई बहुतेकदा अधू पिल्लाला नाकाने बाजूला सारते. आपण त्याला क्रूरपणा म्हणतो, पण पुष्कळदा ते पिल्लू नुसतं गार पडलेलं असतं आणि गार पिल्लू तिला आपलं वाटत नाही. ऊब मिळाल्यावर तिनेच परत जवळ घेतलं, असंही होतं.

प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, बाटली जाड टॉवेलात गुंडाळा आणि पिल्लाच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. पिल्लं ठेवली आहेत तिथली हवा पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश असावी. एप्रिल-मेमध्ये विदर्भात त्यासाठी काही करावं लागत नाही, उलट उष्णतेपासून जपावं लागतं. जुलैमध्ये कोकणात किंवा डिसेंबरात नाशकात मात्र करावं लागतं. बल्ब लावलात तर तो पुरेसा उंच टांगा आणि खाली हात धरून पाहा. आपल्या हाताला चटका बसत असेल तर पिल्लालाही बसतोय.

पिल्लू गार असेल तर त्याला काहीही पाजू नका. अंग थंड असताना आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच राहतं आणि श्वासात जाण्याचा धोका वाढतो. आधी हळूहळू गरम करायचं, तास-दोन तास लागले तरी चालतील, आणि मग पाजायचं.

आणखी एक काम या पहिल्याच तासातलं आहे. मुंग्या बघा. नाळेच्या ओलीला, वारेच्या वासाला मुंग्या लागतात आणि अशक्त पिल्लाला त्या झटकता येत नाहीत. जागा कोरडी करा, ओली फडकी बदला, खोक्याभोवती नजर ठेवा. मुंग्यांची पावडर मात्र पिल्लांच्या आसपास नको.

नाकापासून शेपटीपर्यंत

हात साबणाने धुवा, मोबाइलचा टॉर्च घ्या आणि पिल्लू टॉवेलावर धरून शांतपणे बघा. एक दिसलं म्हणून थांबू नका. व्यंगं कधी कधी जोडीने येतात, आणि बाहेर दिसणाऱ्या वाकड्या पायापेक्षा न दिसणारी फाटलेली टाळू जास्त घातक असते.

वरचा ओठ अखंड आहे का? तोंड हळूच उघडून आत वर प्रकाश टाका. करंगळीच्या टोकाने टाळूवरून मागपर्यंत हात फिरवा. तिथे सलग पन्हळ्या लागायला हव्यात. मधोमध भेग किंवा भोक लागलं तर टाळू दुभंगलेली आहे. अगदी मागचा मऊ भाग दुभंगलेला असेल तर तो घरी दिसत नाही, पण दूध प्यायल्यावर नाकातून दूध येणं, शिंकणं, नाकाशी बुडबुडे येणं यावरून संशय घ्यावा.

डोक्यावर कपाळामागे मऊ खड्डा लागतो का? चिहुआहुआसारख्या छोट्या जातींमध्ये तो असू शकतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतंही. पण कपाळ फुगीर, डोळे खाली-बाहेर वळलेले आणि पिल्लू इतरांपेक्षा मंद असेल तर मेंदूत पाणी साचल्याची शंका येते. ते पक्कं करणं डॉक्टरांचं काम.

पोटावर नाळेजवळ काय आहे? मऊ गोळी, दाबली की आत जाते, तर बेंबीचा हर्निया. कातडी नसून आतडी बाहेर दिसत असतील तर पुढची तपासणी सोडा, खाली 'ज्यांना थांबता येत नाही' मध्ये लिहिलंय तसं करा आणि निघा.

आता शेपटी वर उचला. गुदद्वाराचं छिद्र खरंच आहे का, हे नीट बघा. नुसता खळगा असू शकतो. ही तपासणी हमखास राहून जाते. आई पिल्लांना चाटून त्यांची शी-शू स्वतःच साफ करते, त्यामुळे शी झालीच नाही हे आपल्या लक्षात यायला दिवस जातात. मादी पिल्लू असेल तर शी योनीमार्गातून येतेय का तेही बघा. तसंही एक व्यंग असतं.

शेवटी वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वही घाला आणि रोज ठरावीक वेळी प्रत्येक पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये लिहा. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं. त्यानंतर जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के रोज वाढायला हवं आणि दहाव्या दिवसाच्या आसपास दुप्पट व्हायला हवं. पुढचे सगळे निर्णय या वहीच्या आधाराने घ्यायचे आहेत. 'आज जरा बरं वाटतंय' याला तिच्यापुढे काही किंमत नाही.

ज्यांना थांबता येत नाही

आतडी बाहेर असतील तर स्वच्छ कापड सलाइनमध्ये भिजवून त्यावर अलगद ठेवा, पिल्लू उबदार ठेवा आणि तासाभरात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठा. बोटाने आत ढकलू नका. आई चाटत असेल तर तिच्यापासून वेगळं ठेवा, ती नाळ समजून चावू शकते. अशी पिल्लं क्वचित वाचतात, आणि वाचतात ती लगेच पोहोचलेली. पोहोचणं शक्यच नसेल तर जवळच्या डॉक्टरकडून त्याच वेळी दयामरण देणं योग्य. वाट बघण्यात काही मिळत नाही.

गुदद्वार नसेल तर पिल्लू पहिले एक-दोन दिवस छान दूध पितं, मग पोट फुगत जातं. पातळ पडदा राहून गेला असेल तर शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते. गुदाशयच मध्ये तुटलेला असेल तर अवघड, आणि पुढे आयुष्यभर शी रोखता न येण्याची शक्यता असते. कोणता प्रकार आहे ते एक्स-रेवरून बरंचसं कळतं, म्हणून त्याच दिवशी जा.

बुलडॉग, पग अशा जातींत कधी अंगभर पाणी भरलेलं, नेहमीपेक्षा खूपच मोठं पिल्लू जन्मतं. त्यातली बरीच लगेच जातात. श्वास घेत असेल तर डॉक्टर पाणी उतरवण्याचं औषध देऊन बघतात, पण वजनाची वही इथे उलटी वाचायची: आधी वजन उतरायला हवं.

दुभंगलेली टाळू

यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यांत जास्त वेळा हेच समोर येतं आणि याच्यातच माणसं सगळ्यांत जास्त गोंधळतात. नुसता ओठ फाटला असेल आणि टाळू अखंड असेल तर ते बहुतेकदा दिसण्यापुरतं असतं. पिल्लू पितं, वाढतं. टाळू दुभंगली असेल तर तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत नसते. त्याला चोखायला लागणारी ओढ तयार करता येत नाही, आणि जे काही तोंडात जातं ते नाकावाटे श्वासनळीत उतरतं. ही पिल्लं भुकेने जातात किंवा न्यूमोनियाने.

म्हणून ड्रॉपरने, बोळ्याने, चमच्याने किंवा बाटलीने पाजू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी ते दूध फुप्फुसात जातंय. पर्याय एकच, पोटात नळी घालून पाजणं. त्यासाठी लहान बाळांना वापरतात तीच बारीक फीडिंग ट्यूब लागते, ५ किंवा ६ नंबरची, मेडिकलमध्ये मिळते. नळी घालायला मात्र डॉक्टरसमोर हाताने करून शिका. व्हिडिओ पाहून पहिल्यांदा घरी करायची ही गोष्ट नव्हे. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी मोजून तिच्यावर खूण करायची, पिल्लू पोटावर ठेवायचं, मान सरळ, आणि नळी जिभेच्या वरून अलगद आत जाऊ द्यायची. अडली तर ढकलायची नाही. खुणेपर्यंत गेली आणि पिल्लू ओरडू शकतंय, तर ती बहुधा योग्य जागी आहे. श्वासनळीत गेली असेल तर आवाज निघत नाही. दर १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिलिलिटर, अंगाइतकं कोमट, आणि सावकाश. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसायची, कारण आईच्या चाटण्याशिवाय त्याला ती होत नाही.

दूध कोणतं? आईचं पहिलं दूध, म्हणजे चीक, जमलं तर पिळून नळीने द्या. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाचं आतडं पहिल्या २४ तासांतच शोषून घेऊ शकतं, आणि त्यातही पहिल्या १२ तासांत जास्त. त्यानंतर कुत्र्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. गाईचं दूध पाणी घालून देण्याची आपल्याकडची सवय पिल्लाच्या मुळावर येते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण ९ टक्के असतो, गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. त्यात पाणी घातलं की पिल्लाचं पोट भरतं आणि वजन मात्र उतरत राहतं. माणसाच्या बाळाची पावडरही त्याच्यासाठी कमीच पडते.

चौथ्या आठवड्यापासून हळूहळू घट्ट अन्नाकडे न्यायचं. पातळ खिरीसारखं काही नको, ते नाकात जातं. पाण्याची वाटीही काही काळ नसते. पाणी कसं द्यायचं ते डॉक्टर पिल्लू बघून सांगतील. शस्त्रक्रिया बहुतेकदा तीन-चार महिन्यांच्या वयाला करतात, कारण त्याआधी टाळूची कातडी टाके धरण्याइतकी भक्कम नसते. भेग मोठी असेल तर एकदा शिवलेलं उसवतं आणि पुन्हा करावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. शिवून बरी झालेली कुत्री पुढे सर्वसाधारण आयुष्य जगतात.

हे सगळं वाचून छातीत धडधडलं असेल तर ते योग्यच आहे. कामावर जाणाऱ्या दोघांच्या घरात, कुणी घरी नसताना, हे काम होत नाही. झोप लागली म्हणून एखादं पाजणं चुकलं तर पिल्लू ते सहज भरून काढत नाही.

घाई करू नये अशी व्यंगं

इथे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, कारण ज्या पिल्लांना काहीच व्हायला नको होतं ती 'अधू' म्हणून इथेच मरतात.

जास्तीचं बोट, दोन-दोन डूक्लॉ (पायावर वर असलेलं, जमिनीला न टेकणारं नख), वाकडी शेपटी, बेंबीचा छोटा हर्निया, अंगावर विचित्र डाग, एक डोळा लहान: यांतल्या कशानेही पिल्लू मरत नाही. छोटा हर्निया पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत आपोआप मिटतो, नाहीतर नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत शिवून टाकतात. दाबून आत न जाणारा, कडक, दुखणारा झाला तर मात्र तातडीने जायचं. फ्रेंच बुलडॉग किंवा पग यांची शेपटी फार पिळलेली असेल तर मणक्यांचा एक्स-रे पुढे केव्हातरी काढून घ्यावा, एवढंच.

पुढचा किंवा मागचा एक पाय नसलेलं पिल्लू आईच्या कुशीत इतरांबरोबर धक्काबुक्की करून दूध पितं आणि त्याच्या डोक्यात हा विचारच नसतो की आपण कमी आहोत. तीन पायांची कुत्री धावतात, जिने चढतात. त्यांचं वजन आटोक्यात ठेवावं लागतं आणि गुळगुळीत फरशी टाळावी लागते. पुढचे दोन्ही पाय नसतील तर गोष्ट बरीच अवघड होते. गाडी बसवता येते, पण घरात सतत मदत करणारं माणूस लागतं.

दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू इतर भावंडं उभी राहू लागली तरी चारही पाय पसरून बेडकासारखं पोटावर सरकतंय, छाती चपटी दिसतेय, तर त्याला स्विमर पपी म्हणतात. मोठ्या जातीचं, एकटंच असलेलं, भरपूर दूध पिऊन लठ्ठ झालेलं पिल्लू आणि खाली चकचकीत टाइल्स, अशी सांगड बरेचदा दिसते. लवकर लक्षात आलं तर बहुतेक पिल्लं पूर्ण बरी होतात. फरशीवर गोणपाट किंवा खरखरीत पायपुसणं अंथरा, दिवसातून अनेकदा पाय अलगद अंगाखाली घेऊन हलवा, आणि पाय जवळ ठेवण्यासाठी मऊ पट्टी कशी व किती सैल बांधायची ते डॉक्टरकडून करून घ्या. असं पिल्लू 'लुळं' म्हणून घालवणं म्हणजे निव्वळ अज्ञान.

बहिरेपणा आणि अंधत्व तर पहिल्या दोन आठवड्यांत कळतही नाही, कारण सगळ्याच पिल्लांचे डोळे १० ते १४ दिवसांनी आणि कान त्यानंतर उघडतात. पांढरा रंग जास्त असलेल्या पिल्लांत, डाल्मेशियनमध्ये, आणि दोन मर्ल रंगाच्या (फिकट अंगावर गडद धब्बे असलेल्या) कुत्र्यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांत त्याचं प्रमाण अधिक. बहिरं कुत्रं हाताच्या खुणांवर उत्तम शिकतं. त्याला साखळीशिवाय रस्त्यावर सोडायचं नाही, एवढा नियम पुरे.

एक व्यंग मात्र दडी मारून बसतं. दूध पिताना ठणठणीत असलेलं पिल्लू घट्ट खायला लागलं की खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर काढतं, भावंडं वाढतात आणि ते खुरटतं. अन्ननलिका फुगलेली असू शकते, किंवा हृदयाजवळच्या रक्तवाहिनीने ती आवळलेली असू शकते. 'अधाशी आहे' म्हणून महिना घालवू नका. दुसऱ्या प्रकारात वेळेत शस्त्रक्रिया झाली तर पिल्लू वाचतं.

डॉक्टरांकडे

पदवीधर पशुवैद्य गाठा. गावाकडे सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी पदवीधर डॉक्टर असतात. पशुधन पर्यवेक्षक हे पद वेगळं. गाई-म्हशींत हयात गेलेला चांगला डॉक्टरही २०० ग्रॅमच्या पिल्लावर शस्त्रक्रिया करायला तयार नसेल, आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं तर त्याचे आभारच माना. अवघड प्रकरणांसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. परळलाच १८८३ पासून चालणारं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. जाण्याआधी फोन करून विचारा, नवजात पिल्लाला भूल देणारं कुणी आहे का. नेताना पिल्लू बाटलीच्या उबेत, आणि शक्य तर आईसह.

डॉक्टरांना 'वाचेल का?' एवढंच विचारू नका, त्याला उत्तर 'बघू' असंच येतं. हे विचारा: याला आत्ता दुखतंय का, आणि ते औषधाने थांबेल का? शस्त्रक्रिया कोणत्या वयात, एक की जास्त? तोवर घरी रोज काय करावं लागेल? सगळं नीट झालं तरी पुढे काय राहील, शी न रोखता येणं, फिट्स, कायमचं औषध? खर्च शस्त्रक्रियेचा किती, आणि बिघडलं तर किती? आणि शेवटी: तुमच्या स्वतःच्या घरचं असतं तर तुम्ही काय केलं असतं? हा प्रश्न विचारायला आपण उगाच लाजतो.

घरात बसून ठरवायचं ते

पिल्लू दूध पिऊ शकतं का, स्वतःहून किंवा नळीने? श्वास धाप न लागता घेतंय का? शी-शू बाहेर पडतेय का, किंवा पडण्याची सोय करता येईल का? आणि वेदना आटोक्यात आहे का? चारही उत्तरं होकारार्थी असतील तर, व्यंग दिसायला कितीही भयंकर असो, पिल्लाला संधी द्यावी असं माझं मत आहे. एखादं उत्तर ठाम नकारार्थी असेल आणि डॉक्टर म्हणत असतील की ते बदलणार नाही, तर थांबवणं योग्य. मधल्या सगळ्या शक्यतांसाठी तारीख ठरवा: 'तीन दिवस पाजून बघू. वजन वाढलं तर पुढे, उतरलं तर डॉक्टरकडे.' ती तारीख वहीत लिहा. नुसतं तोंडी ठेवलं की तीन दिवसांचे दहा होतात आणि त्यातले सात पिल्लू भोगतं.

मत मात्र सगळ्यांचं सारखं धरू नये. रात्री दोनला आणि पाचला जो उठणार आहे त्याचं मत जास्त. व्हॉट्सॲपवर 'प्लीज त्याला वाचवा' लिहिणाऱ्या मावशीचं मत सगळ्यांत कमी, ती स्वतः येऊन रात्रपाळी करणार नसेल तर. पैशाचंही उघड बोला. शस्त्रक्रियेचे पैसे नाहीत हे सांगण्यात लाज नाही, पण ते पहिल्या दिवशी कळायला हवं, तीन महिने नळीने पाजून झाल्यावर नव्हे. लहान मुलं घरात असतील तर त्यांना खरं सांगा. 'शेतावर पाठवलं' वगैरे नको, ती दर रविवारी शेतावर जाऊया म्हणतात.

दयामरण

ते पशुवैद्यानेच द्यायचं. आधी गुंगी, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. पिल्लू झोपतं आणि श्वास थांबतो. इतक्या लहान जिवाला शीर सापडत नाही म्हणून डॉक्टर पोटात इंजेक्शन देतात, तेव्हा जरा जास्त वेळ लागतो. ते आधी विचारून ठेवा म्हणजे घाबरायला होणार नाही. गुंगी दिल्याशिवाय पुढचं इंजेक्शन देणार नाही ना, हेही विचारा. तुम्ही जवळ थांबायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. आई कुत्री मात्र त्या खोलीत नको.

पाण्यात बुडवणं, थंडीत ठेवणं, क्लोरोफॉर्मचा बोळा, घरातल्या गोळ्या, पिशवीत बांधून नदीकाठी सोडणं: यातलं काहीही नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात प्राण्याला विनाकारण क्रूर पद्धतीने मारणं आणि उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं, दोन्ही गुन्हे आहेत. नवजात पिल्लं श्वास कोंडला तरी बराच वेळ तग धरतात, त्यामुळे 'पटकन होतं' ही समजूतही खोटी आहे.

रस्त्यावरच्या कुत्रीचं पिल्लू असेल तर

आईला लस दिलेली आहे का माहीत नसेल तर पिल्लू उचलण्याआधी विचार करा. व्यायलेली कुत्री एरवी कितीही गरीब असली तरी चावते. एकाने तिला खायला घालून बाजूला न्यावं, दुसऱ्याने पिल्लू बघावं. चावली किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्या.

फक्त व्यंग असलेलंच पिल्लू न्या, सगळं वेत हलवू नका. आईपासून तोडलेली निरोगी पिल्लं तुमच्या हातात मरतात. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी 'सगळीच इंजेक्शन देऊन संपवा' म्हणालं तर २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम दाखवा. भटक्या कुत्र्याचं दयामरण फक्त असाध्य आजार किंवा जीवघेणी जखम असेल तरच, आणि तेही स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाने तसं निदान केल्यावर. अधू पण जगू शकणारं पिल्लू त्यात बसत नाही. तुम्ही ते घरी आणलंत तर ते तुमचं झालं, हे डोक्यात ठेवूनच उचला.

पिल्लू वाचलं, पुढे

जंताचं औषध आणि लसी इतर पिल्लांसारख्याच, व्यंग आहे म्हणून टाळू नका. दत्तक देणार असाल तर आठ आठवड्यांच्या आत नको, आणि घेणाऱ्याला व्यंग, झालेले उपचार, डॉक्टरांचे कागद सगळं लेखी द्या. लपवून दिलेलं पिल्लू महिन्याभरात परत येतं किंवा परस्पर रस्त्यावर जातं. त्याची नसबंदी वेळेत करा. अंडकोष खाली उतरले नसतील तर ते पोटात शोधून काढावे लागतात, हे डॉक्टरांना आधी सांगा.

मग आई-बाप. तीच जोडी परत लावू नका. एकाच घरातली भावंडं किंवा बाप-लेक लावली असतील तर कारण शोधायला लांब जायला नको. गाभण असताना कुत्रीला काय काय दिलं तेही आठवून डॉक्टरांना सांगा: गजकर्णावरचं ग्रिसिओफल्विन, स्टेरॉइड, जीवनसत्त्व अ चे भरमसाट डोस, यांनी टाळू दुभंगलेली पिल्लं होऊ शकतात. खाजेवर मेडिकलवाल्याने दिलेली गोळी बहुधा स्टेरॉइडच असते, म्हणून पाकीट टाकून दिलं नसेल तर घेऊन जा. कुत्री पाळीव असो की रस्त्यावरची, पिल्लं दूध तोडली आणि तिचे सड सुकले की तिच्या नसबंदीची तारीख घ्या. महापालिकेच्या केंद्रावर रांग असते, त्यामुळे नाव आत्ताच नोंदवून ठेवा.